पाणी कुठून आले: अरबी समुद्रातील प्राणवायूच्या मोजणीविषयी

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे मूळ दोनच ठिकाणी असते: पृष्ठभागाला टेकलेली हवा, आणि सूर्यप्रकाश पोहोचतो तेवढ्याच थरात जगणारे वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. हे दोन्ही स्रोत वरच्या शंभरेक मीटरांतच संपतात. त्याखालच्या पाण्याने पृष्ठभाग सोडताना जेवढा प्राणवायू सोबत घेतला असेल तेवढ्यावरच त्याला पुढची सारी वाटचाल भागवावी लागते, आणि त्या वाटेत वरून पडत राहणाऱ्या मृत प्लवकांचे, विष्ठेचे व इतर सेंद्रिय कणांचे विघटन करणारे जिवाणू तो साठा सतत खर्च करीत असतात. म्हणून एखाद्या खोलीवर प्राणवायू किती, हा प्रश्न वस्तुतः दोन प्रश्न मिळून बनलेला असतो: ते पाणी पृष्ठभागापासून निघाल्याला किती काळ लोटला, आणि त्या काळात त्याच्यावर खर्चाचा बोजा किती पडला. पहिल्याचे उत्तर प्रवाह देतात, दुसऱ्याचे जीवसृष्टी. अरबी समुद्रावर काम करणाऱ्या अभ्यासकाचे लक्ष सुरुवातीला बहुधा दुसऱ्या प्रश्नावर असते, पण मोजणीच्या वह्या भरत जातात तसतसे ते पहिल्याकडे वळते, आणि तसे होणे योग्यच आहे.

उष्ण कटिबंधातील समुद्रांत हा हिशोब मुळातच तंग असतो. कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पृष्ठजलात लिटरमागे साधारण २०० मायक्रोमोल, म्हणजे वायूच्या घनफळात सांगायचे तर सुमारे साडेचार मिलिलिटर, एवढाच प्राणवायू मावतो. शिवाय मध्यम खोलीवरचे पाणी ताजे होते ते दूरच्या थंड अक्षांशांत, जिथे हिवाळ्यात पृष्ठजल गार व जड होऊन खाली उतरते आणि मग महासागरी चक्रांबरोबर विषुववृत्ताकडे सरकते. या चक्रांची मुख्य धार खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांसमोरील उष्णकटिबंधीय कोपऱ्यांना बगल देऊन निघून जाते व तिथले पाणी जवळजवळ साचून राहते. ल्युटेन, पेडलॉस्की आणि स्टॉमेल यांनी १९८३ साली मांडलेल्या सिद्धान्तामुळे अशा भागांना छायाक्षेत्रे म्हणण्याचा प्रघात पडला. मेक्सिको व पेरू यांच्यासमोर प्रशांत महासागरात असलेले प्राणवायूविरळ पट्टे या सिद्धान्तात चांगले बसतात. अरबी समुद्र मात्र तसा बसत नाही, कारण त्याच्या प्रवाहांना वर्षभर टिकणारी एक दिशाच नाही.

या समुद्राची उत्तर बाजू जमिनीने बंद आहे. साधारण २५ अंश उत्तर अक्षांशाशी इराण व पाकिस्तानचा मकरान किनारा आडवा येतो, त्यामुळे गार पाणी खोल उतरावे असा थंड प्रदेशच उत्तरेला उरत नाही. हिवाळ्यातील ईशान्य वारे उत्तर भागाचे पृष्ठजल थोडे गार करतात, पण त्याची घुसळण शंभरएक मीटरांच्या आसपास थांबते. मध्यम खोलीला ताजे पाणी मिळण्याच्या वाटा मग तीनच राहतात. त्यांपैकी सर्वांत मोठी दक्षिणेची: दक्षिण हिंदी महासागरात तयार झालेले पाणी आफ्रिकेच्या किनाऱ्याने विषुववृत्त ओलांडून येते, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमाली प्रवाह, जो जगातील सर्वांत वेगवान प्रवाहांत मोडतो आणि हिवाळ्यात दिशाच उलटवतो, ते उत्तरेकडे ढकलतो. उरलेल्या दोन वाटा अरुंद आहेत. इराणच्या आखातातील आणि तांबड्या समुद्रातील पाणी बाष्पीभवनाने अतिशय खारट व जड होते आणि होर्मुझ व बाब-अल-मंदेब या सामुद्रधुन्यांतून बाहेर पडून अनुक्रमे २०० ते ३५० आणि ६०० ते ८०० मीटर खोलीवर पसरते. प्रमाणाने हे पाणी थोडे, पण जिथे प्राणवायूची सर्वांत जास्त टंचाई असते नेमक्या त्याच थरात ते शिरते. एवढे असूनही साधारण १५० मीटरांपासून १,००० ते १,२०० मीटरांपर्यंत या समुद्रात प्राणवायूचा किमान थर पसरलेला आहे, आणि त्याच्या गाभ्यात प्राणवायू जवळपास नसतोच.

इजिप्तच्या ‘मबाहिस’ या जहाजावरून सेमूर सिव्हेल यांच्या नेतृत्वाखाली १९३३-३४ मध्ये गेलेल्या जॉन मरे मोहिमेने या थराची चुणूक दाखवली होती. पद्धतशीर मोजणीला चालना मिळाली ती १९६० च्या सुमारास सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने, जिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली व गोव्यातील दोना पावला येथे तिचे कायमचे ठाणे पडले. पुढे ‘गवेषणी’, ‘सागर कन्या’, ‘सिंधु साधना’ अशी जहाजे येत गेली, उपकरणे बदलत गेली. प्राणवायूच्या बाटलीपाशी चालणारे काम मात्र फारसे बदलले नाही, आणि त्या कामाची रीत समजून घेतल्याशिवाय या समुद्राविषयीच्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवणे धाडसाचे आहे.

जहाज ठरलेल्या स्टेशनवर थांबले की विंचच्या तारेला लटकवलेले रोझेट, म्हणजे गोल चौकटीत उभ्या बसवलेल्या निस्किन बाटल्या, पाण्यात सोडले जाते. त्याच चौकटीत तापमान, क्षारता व खोली मोजणारे सीटीडी हे उपकरण असते. दोन्ही टोकांनी उघड्या असलेल्या या बाटल्या वर येताना ठरलेल्या खोलींवर एकेक करून बंद केल्या जातात. रोझेट डेकवर टेकले की पहिला हक्क प्राणवायूच्या नमुन्याचा असतो. पोषकद्रव्ये, क्षारता, प्लवक यांचे नमुने घेणारे, रात्रपाळीची कितीही घाई असली तरी, मागे उभे राहतात, कारण निस्किनची तोटी एकदा उघडली की वर हवा शिरते आणि खालच्या पाण्यात मुरू लागते. पाचशे मीटरांवरून आलेले पाणी ११-१२ अंशांचे असते आणि डेकवर तीस अंशांचा दमट उकाडा, त्यामुळे नमुन्याच्या काचेच्या बाटलीवर क्षणात दव धरते व आतले पाणी तापू लागते. रबरी नळीचे टोक बाटलीच्या तळाला टेकवून, नळीत एकही बुडबुडा न राहू देता, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडून जाऊ द्यायचे आणि लगेच दोन द्रावणे तळाशी सोडून बूच बसवायचे, एवढी ही कृती. पण जहाज डोलत असताना ती दर वेळी सारखीच करणे हे शिकण्यास वेळ लागतो.

या पद्धतीचे जनक हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर. त्यांनी ती १८८८ साली प्रसिद्ध केली आणि प्रयोगशाळांत त्या दोन द्रावणांना आजही विंकलर-ए व विंकलर-बी असेच म्हणतात. पहिल्यात मँगनीजचा क्षार असतो, दुसऱ्यात आयोडाइड मिसळलेला तीव्र अल्कली. दोन्ही मिळताच मँगनीज हायड्रॉक्साइडचा पांढरा साका तयार होतो आणि पाण्यात प्राणवायू असेल तर तो साका त्याला धरून ठेवत तपकिरी पडतो. नंतर आम्ल घातले की धरलेल्या प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते, आणि ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडियम थायोसल्फेट सोडून, स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईपर्यंत, त्याचे मोजमाप केले जाते. यालाच अनुमापन म्हणतात. परंतु अनुमापनापूर्वीच, एका स्टेशनच्या बाटल्या खोलीच्या क्रमाने लाकडी खोक्यात मांडल्या की, समुद्राची रचना डोळ्यांना दिसते: पृष्ठभागाकडच्या बाटल्या कोऱ्या चहासारख्या आणि दोनशे मीटरांच्या आसपासच्या थेट ताकासारख्या. पहिल्यांदाच समुद्रावर आलेल्या विद्यार्थ्याला हा पांढरा साका पाहून द्रावण बिघडल्याची शंका येते व अनुभवी सहकारी त्याला पुढच्या बाटल्या पाहण्यास सांगतो, कारण बाराशे मीटरांच्या खाली तपकिरी छटा पुन्हा उमटू लागते. तळाकडचे ते पाणी अंटार्क्टिकाच्या बाजूने, कितीतरी लांबून आलेले असते. तरीही मधल्या थरापेक्षा त्याच्यात प्राणवायू जास्त असतो, कारण खर्च करण्याजोगे सेंद्रिय कण इतक्या खाली फारसे उरतच नाहीत.

पांढरा साका म्हणजे शून्य, असे मात्र म्हणता येत नाही, आणि या विषयातील बराचसा वाद याच ठिकाणी अडकलेला होता. विंकलरच्या पद्धतीला लिटरमागे एक-दोन मायक्रोमोल आणि खरे शून्य यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. नमुना घेताना मुरलेली हवा, द्रावणांत आधीच विरघळलेला प्राणवायू, निस्किनच्या प्लास्टिकमधून झिरपलेला अंश, हे सारे त्या एक-दोन मायक्रोमोलांत दडलेले असते. माशाला या फरकाशी कर्तव्य नाही, दोन्ही परिस्थितींत तो गुदमरतोच; जिवाणूंना मात्र आहे. प्राणवायू खरोखर संपला की काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात आणि त्याचे क्रमाने नायट्राइट, नायट्रस ऑक्साइड व शेवटी नायट्रोजन वायू असे रूपांतर करतात. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात, आणि तिच्यामुळे प्लवकांचे खत असलेला नायट्रोजन समुद्रातून कायमचा निसटतो. म्हणून जुन्या अभ्यासकांनी प्राणवायूच्या आकड्यापेक्षा नायट्राइटवर अधिक भिस्त ठेवली: मध्यम खोलीच्या नमुन्यात ठरावीक रसायने घातल्यावर गुलाबी रंग चढला, तर तिथे नायट्राइट साचले आहे व प्राणवायू संपला आहे असे समजायचे. नॅनोमोल, म्हणजे मायक्रोमोलाच्या हजाराव्या भागापर्यंत, मोजणारा संवेदक डेन्मार्कमध्ये विकसित होऊन वापरात आला तेव्हा ही जुनी भिस्त योग्य ठरली. त्याच जातीच्या संवेदकाने बंगालच्या उपसागरातही मोजणी झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथे प्राणवायूचा अत्यल्प पण निश्चित अंश शिल्लक राहतो व तेवढ्यानेच नायट्रोजनची मोठी गळती रोखली जाते. साध्या अनुमापनात मात्र या दोन समुद्रांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखता येणार नाहीत.

गुलाबी रंगाच्या आधारे गोव्याच्या संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी १९९१ साली अरबी समुद्रातील विनायट्रीकरणाच्या क्षेत्राची मर्यादा रेखाटली, आणि तिच्यातून प्रवाहांचे महत्त्व फार स्पष्टपणे पुढे आले. प्लवकांचे सर्वांत मोठे पीक सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवर येते, कारण नैर्ऋत्य वारे तिथले पृष्ठजल बाहेर ढकलतात व खालचे पोषक पाणी वर येते. जिथे पीक मोठे तिथे विघटन मोठे आणि तिथेच प्राणवायू सर्वांत कमी, असे साधे तर्कशास्त्र सांगते; प्रत्यक्षात टंचाईचा गाभा तिथे नसून मध्य व ईशान्य भागात, म्हणजे बराचसा भारताच्या बाजूला, आहे. पश्चिमेच्या बाजूला खर्च मोठा, पण सोमाली प्रवाह, त्याच्या उत्तरेचे भोवरे आणि दोन आखाती पाण्यांचे प्रवेश यांमुळे पुरवठाही सतत चालू राहतो. पूर्वेकडे खर्च मध्यम, पण पाणी हलतच नाही. प्राणवायूच्या टंचाईचा दोष सरसकट अतिरिक्त जैविक उत्पादनावर किंवा प्रदूषणावर टाकणाऱ्या लेखनाने हे एक उदाहरण जरी लक्षात घेतले, तरी त्यातील बरीच विधाने मागे घ्यावी लागतील.

खुद्द भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतची स्थिती या गाभ्याहून वेगळी आहे व ती ऋतूनुसार पालटते. पावसाळ्यात किनाऱ्यासमोरचा पृष्ठप्रवाह दक्षिणेकडे वाहतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे किनाऱ्याकडे, गार पाण्याचा थर वर उचलला जातो. ही उचल केरळच्या बाजूने सुरू होऊन उत्तरेकडे सरकते व पावसाळ्याच्या सुरुवातीला गोव्यापाशी पोहोचते. समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर, असे चढून येणारे पाणी खोल समुद्रातील निःसत्त्व गाभ्याचे नसते. पृष्ठप्रवाहाच्या खाली, उताराला चिकटून, एक अंतःप्रवाह उलट दिशेने उत्तरेकडे वाहत असतो आणि त्याने दक्षिणेकडून आणलेल्या पाण्यात थोडा का होईना प्राणवायू असतो. त्याची अखेर होते ती मंचावर आल्यानंतर. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस नद्यांवाटे समुद्रात येऊन पाच-दहा मीटर जाडीचा गोडसर, हलका थर पसरवतो. वाऱ्याला तो भेदून खालचे पाणी घुसळता येत नाही, आणि खालच्या पाण्यात नव्याने फुललेल्या प्लवकांचे अवशेष कुजत राहतात. आधी प्राणवायू संपतो, मग नायट्रेट, आणि शेवटी जिवाणू सल्फेटकडे वळून हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात.

गोव्यातील कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, २६ ते २८ मीटर खोलीच्या एका ठिकाणी १९९७ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे या बदलांची नियमित नोंद घेतली जाते. काम तसे कंटाळवाणे: तेच ठिकाण, त्याच खोली, त्याच बाटल्या. जून-जुलैत मांडवी नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की छोटी बोट बाहेर काढणेच अवघड होते, आणि नेमक्या महत्त्वाच्या ऋतूत नोंदींत खाडे पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र निवळल्यावर वरवर सारे आलबेल दिसते, पाणी चकाकते, आणि तळाजवळून वर आलेल्या निस्किनची तोटी उघडताच सडक्या अंड्याचा दर्प येतो. अशा नमुन्यावर विंकलरची पद्धत चालत नाही, सल्फाइडचा नमुना वेगळ्या बाटलीत धरावा लागतो. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की या मंचावरील प्राणवायूहीन पट्टा निसर्गतः तयार होणाऱ्या अशा पट्ट्यांत जगातील सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा, वस्तुमानाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडपेक्षा पावणेतीनशे पट तापदायक, वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो. डिसेंबर-जानेवारीत तेच ठिकाण ओळखू येत नाही: किनारी प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहतो, बंगालच्या उपसागराकडून श्रीलंकेला वळसा घालून आलेले कमी खारट पाणी आणतो, किनाऱ्याकडचा थर खाली दबतो आणि तळापर्यंतच्या सगळ्या बाटल्या तपकिरी होतात.

या पट्ट्याची मच्छीमारीशी असलेली गाठ महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईसमोर किमान प्राणवायूचा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि त्याचा मासेमारीवर परिणाम होतो, हे कॅरुदर्स, गोगटे, नायडू व लेव्हास्तू यांनी १९५९ सालीच ‘नेचर’मध्ये नोंदवले, आणि कार्ल बान्झे यांनी १९६८ च्या आपल्या शोधनिबंधात भारत व पाकिस्तानच्या मंचावरील तळाचे मासे या पाण्यापुढे कसे हटतात ते दाखवले. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, म्हणजे हंगाम उघडतो तो तळाचे पाणी बिघडत चाललेले असतानाच. तळाशी राहणारी कोळंबी व राणीमासा अशा वेळी उथळाकडे किंवा पट्ट्याबाहेर सरकतात, आणि तांडेलाला त्याचे कारण दिसत नाही, दिसते ते फक्त रिकामे जाळे.

दर वर्षी हा पट्टा सारखा का नसतो, याचेही उत्तर पुन्हा दूरच्या पाण्यातच सापडते. किनारी केल्विन तरंग, म्हणजे गार पाण्याचा थर वर-खाली करत किनारा उजव्या हाताला ठेवून सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने पुढे जाणारी पृष्ठाखालची लाट, विषुववृत्तावरून बंगालच्या उपसागराच्या कडेने फिरून पश्चिम किनाऱ्यावर येते. हिंदी महासागराचे द्विध्रुव धन असते, म्हणजे सुमात्राकडचे पाणी नेहमीपेक्षा गार व आफ्रिकेकडचे कोमट असते, तेव्हा शरद ऋतूत हे तरंग पश्चिम किनाऱ्यावरील थर खाली दाबतात आणि मंचावर प्राणवायू पुरता संपत नाही, असा निष्कर्ष कांदोळीच्या नोंदी व संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे २०१७ साली प्रसिद्ध झाला. मांडवीच्या मुखासमोरील पाण्यात सल्फाइड होणार की नाही हे काही अंशी सुमात्राच्या किनाऱ्यावर ठरते, ही गोष्ट एका वर्षाच्या नोंदीतून कधीच हाती आली नसती.

तापमानवाढीचा प्रश्न याच चौकटीत पाहिला पाहिजे. जगभरच्या महासागरांतील प्राणवायूचा एकूण साठा १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत सुमारे दोन टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे, आणि त्याचे एक कारण पाणी तापल्याने वायू कमी विरघळणे हे असले तरी प्रवाह मंदावणे व थर एकमेकांत न मिसळणे हे अधिक मोठे कारण मानले जाते. अरबी समुद्रात इराणचे आखात तापून त्याचे बाहेर पडणारे पाणी हलके झाले, तर ते टंचाईच्या थरापर्यंत उतरणारच नाही, अशी शक्यता प्रतिमाने दाखवतात. वृत्तपत्रांत मात्र या साऱ्याला ‘मृत पट्टा’ हे एकच नाव मिळते व मिसिसिपी नदीतील खतांमुळे मेक्सिकोच्या आखातात तयार होणारा पट्टा आणि कोकण-कारवारसमोरचा पट्टा एकाच मापाने मोजला जातो. पहिल्यावर शेतीतील खत कमी करणे हा उपाय आहे. दुसरा मुळात प्रवाहांनी घडवलेला आहे, आणि माणसाने टाकलेल्या नायट्रोजनचा त्यातील वाटा किती, हे ठरवण्यासाठी आधी प्रवाहांचा वाटा वजा करता आला पाहिजे.

त्यासाठी लागणारी नोंद गोव्यापाशी आहे, पण ती एकाच ठिकाणची आहे. म्हणून कोकण किनाऱ्यावरील मत्स्य महाविद्यालये व विज्ञान महाविद्यालये यांनी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, प्रत्येकी एका ठरलेल्या ठिकाणी, महिन्यातून एकदा पृष्ठभाग व तळ यांचे नमुने घेऊन विंकलर पद्धतीने मोजावेत. तिला लागणारी रसायने कोणत्याही पदवी प्रयोगशाळेच्या कपाटात असतात, आणि अशी नोंद सुरू केली तर ती निदान दहा वर्षे तरी बंद पडू देऊ नये.